अंगण नसलेल्या खोल्या

जानेफळ-डोणगावकडून कामाला येणाऱ्यांसाठी आमच्या गावात स्वस्त खोल्या बांधल्या, त्यांचे नकाशे बांधकामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसिअरांचे. बोलताना ते छत्रीच्या टोकाने मातीत रेघा ओढत. गावच्या शाळेत शिकवणारा मीही आईसह तिथेच एका खोलीत राहत होतो. अंगण का वगळले, असे विचारले तेव्हा ते हसले. "गुरुजी, अंगणात काय लग्न लावाचं हाय? तेवढ्या जागेत आणखी चार बिऱ्हाडं राह्यतात."

पुढे आई गेली. तिची शेवटची आंघोळ रस्त्यावर, चादरीच्या आडोशाला घालावी लागली. चादरीचे एक टोक ओव्हरसिअरांनीच धरले होते, पाठ फिरवून, मान खाली घालून.

स्मशानातून परतताना मी विचारले, "नव्या खोल्यांना तरी अंगण ठेवाल?"

"नाही गुरुजी. माणसं अजून येऊनच राह्यले."

त्या दिवशी त्यांनी खोटे बोलायला हवे होते.