चाँदबीनं जाकीट उतरवलं नाही

चाँदबीवर चोरीचा आळ आला तेव्हा मी तिथं होते, म्हणून हे सांगते. नाहीतर कोल्हापुरात ही हकीकत वेगळीच सांगतात. म्हणतात, बाई फार तापट, क्षुल्लक गोष्टीवरून चांगली गिऱ्हाइकं घालवून बसली. क्षुल्लक म्हणे.

ती माझ्या खोलीसमोरच राहायची. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, एकटीच होते, त्यामुळं संध्याकाळचा चहा बहुतेक तिच्याकडंच व्हायचा. तिचा नवरा अल्लाउद्दीन मशीनवर कोट-सदरे शिवायचा. हातकाम सगळं चाँदबीचं. लाकडी चौकटीवर मखमल ताणायची आणि त्यावर जरीची वेलबुट्टी भरायची, मध्ये टिकल्या, कडेनं बारीक मोती. व्यापाऱ्यांच्या घरात लग्न-मुंज निघाली की तिच्या दारात बैठक बसायची. जयसिंगपूरहून माणसं यायची. दुसऱ्यांची पोरं ती नटवायची आणि स्वतः मात्र विटक्या सुती कपड्यात असायची.

एकोणपन्नास साली गावातली एक नाटक कंपनी मोडली. सामानसुमान विकायला काढलं. तिथला पडदा ओढणारा केरबा आमच्या ओळखीचा. दर्शनी पडद्याची मखमल तुकडे पाडून विकतायत, असं त्यानं सांगितलं आणि चाँदबी हातातलं काम तसंच टाकून गेली. खालचा भाग धुळीनं आणि पायांनी गेलेला होता. वरचा डाळिंबी तुकडा तिनं निवडून घेतला, वाफेवर धरून त्याची लव उभी केली आणि लोकांच्या कामातून सवड मिळेल तसं स्वतःसाठी बिनबाह्यांचं जाकीट शिवायला घेतलं. तिचं माहेर गडमुडशिंगीचं, शेतकऱ्याचं घर. पाठीवर तिनं जोंधळ्याची कणसं भरली. पानं जरीची आणि दाणा दाणा टिकलीचा. ईदेला ते अंगात घालून ती माझ्याकडं आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. अल्लाउद्दीन मागून म्हणाला, "सकाळपासनं आरशापुढनं हलंना झाल्यात बाईसाब." ती लाजली. तिला लाजताना मी तेवढंच पाहिलं.

एकावन्न साली कालिंदीबाईंच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. कालिंदीबाई म्हणजे गुळाच्या मोठ्या अडत्याची बायको. त्यांनी चाँदबीला मुंबईहून आणलेली मखमल दिली होती, नातवाचं जाकीट, टोपी आणि त्याच्या गादीची खोळ शिवायला. रंग डाळिंबीच. काम सुरेख झालं. वाढदिवसाला त्यांनी तिला जेवायला बोलावलं. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून मलाही बोलावणं होतं. आम्ही दोघी मिळून गेलो. चाँदबीनं आपलं जाकीट घातलं होतं. बोलावलेल्या घरी माणूस चांगलं नेसून जातं, तशी ती गेली.

कालिंदीबाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग गादीकडं.

"चाँदबी, ही मखमल कुठली?"

"माझी हाय की."

"तुझी? खोळीला खालनं साधं कापड लावलंस ते ह्यापायी व्हय?"

जमलेल्या बायकांतल्या एकीनं पुढं होऊन चाँदबीच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरलं. "रंग तोच हाय बघा," ती म्हणाली. दुकानातला माल बघावा तसं.

मी म्हणाले, "अहो, ती मखमल तर..."

चाँदबीनं माझं मनगट धरलं. "बाई, तुम्ही काय बी सांगू नका."

"उतरव ते," कालिंदीबाई म्हणाल्या. "बघू दे मला."

"ताईसाब, तुमच्या घरात माझ्या हातचं ल्यालं न्हाय असं एक पोर न्हाय. तवा कधी चिंध्या मोजल्या न्हाईसा. आज माझ्या अंगावर चांगलं दिसलं म्हणून मी चोर झालो?"

"उतरव म्हणते ना."

"न्हाय उतरवणार."

पानं मांडलेली होती. चाँदबी तशीच उपाशी बाहेर पडली आणि तिच्यामागून मीही. त्या घरचं मी पुढं पाणीसुद्धा प्याले नाही.

अल्लाउद्दीन घाबरला. "केरब्याला संगं घिऊन जाऊ," तो म्हणाला. "पडद्याचं कापड हाय म्हणून सांगू. एका शब्दात मिटतंय."

"मी कशाला सांगू? आज ह्याचा पुरावा दिला की उद्या गळ्यातल्याचा मागतील, परवा चुलीवरच्या भांड्याचा. त्यांनी आपल्या पाटल्या कुठनं आणल्या, मी इचारलं का?"

तो उठून मशीनवर बसला. मीही मग कुणाला काही सांगायला गेले नाही.

काम येणं थांबलं. ज्यांच्या पोरांच्या अंगावर तिचे टाके होते, त्यांच्यापैकी एकीनं येऊन खरं काय ते विचारलं नाही. रस्त्यात समोर आल्या तर दुसऱ्या बाजूला बघायच्या. मग चाँदबीनं ते जाकीट रोज घालायला सुरुवात केली. नळावर, मंडईत, दळणाला. चैत्रातल्या उन्हात मखमल म्हणजे काय ते घालून बघावं. "अगं, घाम निथळतोय," मी म्हणाले. "निथळू दे," ती म्हणाली. "आत ठेवलं तर लपवलं म्हणतील."

शेवटी केरब्याच्या कानावर गेलं. तो कुणाला न विचारता कालिंदीबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. पडदा ओढून ओढून त्याचा आवाजही दांडगा झाला असावा, कारण सगळ्या पेठेनं ऐकलं. ही मखमल कंपनीच्या पडद्याची, मी माझ्या हातानं कापून दिलीया, म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी कालिंदीबाईंची मोलकरीण आली. ताटात लुगडं, वर पेढे. "गैरसमज झाला म्हणाल्यात. कामाला या म्हणाल्यात."

चाँदबीनं ताटाला हात लावला नाही. "चार बायकांत बोलल्या, चार बायकांत शब्द मागं घ्या म्हणावं. मग लुगडं नको, नुसता चहा बी चालंल."

कालिंदीबाई आल्या नाहीत. त्या कधीच आल्या नाहीत. लुगडं द्यायला त्यांचा हात मोकळा होता, जीभ मात्र उचलली नाही.

त्यानंतर एक दिवस मंडईत कुणीतरी मागून चाँदबीला हाक मारली. "ओ पावणं, ही कणसं कुणी भरल्यात?" ती बायडाबाई, तमाशाच्या फडाची मालकीण. फडातल्या बायकांसाठी तिला तशीच जाकिटं हवी होती. अल्लाउद्दीन कचरला. तमाशाचं काम घेतलं तर उरलेली गिऱ्हाइकं जातील, म्हणाला.

"उरल्यात कुठं?" चाँदबीनं विचारलं आणि चौकट भिंतीवरनं खाली काढली.

पहिली जाकिटं पोचवायला ती गेली तेव्हा बायडाबाईनं तिला आपल्याशेजारी सतरंजीवर बसवलं. तिच्यासमोर एकेकीनं जाकीट अंगात घातलं आणि तिच्या पाया पडून मग फडावर गेली. हे मला तिनं घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना रडली. आळ आला त्या दिवशी रडली नव्हती. पुढं दुसरे फड आले, मग एक बँडवाला आला. घर चाललं, बरं चाललं.

सत्तावन्न साली शाळेत एक पालक बाई मला म्हणाल्या, "तुमची ती चाँदबी शेवटी निर्दोष निघाली म्हणे."

"निघाली नाही," मी म्हणाले. "होतीच. निघाला तुमचा दोष."

बाईंना राग आला. त्यांनी मुख्याध्यापिकेकडं माझी तक्रार केली. मला बोलावून विचारलं तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं.