डोळा न कापता

मनीषा आज सकाळी गेली.
डेंग्यूनं. एकोणतिसाव्या वर्षी.

मूळची धुळ्याकडची. वडील इथे कापडाच्या लूमवर, घर पर्वत पाटिया भागात. आणि ही पीएचडी करत होती, खेकड्याच्या मादीच्या अंडाशयावर. नातेवाईक हसायचे. तीही हसायची.

खेकड्यांची पिल्लं तयार करतात त्या हॅचरीत मादीनं लवकर अंडी द्यावीत म्हणून तिचा एक डोळा कापतात.
डोळ्याच्या देठात एक हार्मोन बनतं, ते अंडाशयाला वाढू देत नाही. देठ कापला, की अडसर गेला.

मनीषाला ते बघवायचं नाही.

"ज्या जीनमुळे हार्मोन बनतं त्यालाच गप्प करू ना. डोळा कशाला घ्यायचा तिचा?"

त्यासाठीचं इंजेक्शन तिनं स्वतः तयार केलं. दोनदा सगळ्या माद्या मेल्या. गाईड म्हणाले, डोळा काप आणि थिसिस संपव.
ती हजीऱ्याच्या खाडीवरून पुन्हा खेकडे घेऊन आली.

मग ताप आला. अंगावर काढत टाक्यांचं पाणी बदलत राहिली. लॅबमध्येच चक्कर येऊन पडली, तेव्हा आम्ही लॅबमधल्यांनी तिला उचलून हॉस्पिटलात नेलं.

प्लेटलेट्ससाठी मी दिसेल त्या ग्रुपवर मेसेज टाकले. अनोळखी लोक येऊन देऊन गेले.
आकडा खालीच येत राहिला.

आयसीयूत जाताना तिनं एवढंच सांगितलं, की माद्या बघत राहा.

काल दुपारी बघितल्या. पोटाची झडप दाबली की कवचाच्या फटीतून अंडाशय दिसतं. कच्चं असलं की ते पांढरं असतं. एकीचं पांढरं नव्हतं.
केशरी होतं. भरलेलं.

रिक्षा पकडून हॉस्पिटल गाठलं. ती व्हेंटिलेटरवर. तिच्या कानाशी सांगितलं. परत सांगितलं.

तिच्या आईनं, काकूंनी विचारलं, काय बोललीस? म्हटलं, डोळा न कापता अंडाशय भरलं, काकू. तिला हेच हवं होतं.

त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला.
"आयकं का माय? तुन्हं काम व्हयनं. आते ऊठ."

ती उठली नाही.

नर्सनं हळूच गुजरातीत बाहेर बसायला सांगितलं, "बेन, हवे बहार बेसो."

एका मादीवरून काहीच सिद्ध होत नाही. बाकीच्यांची अजून पांढरीच आहेत. सगळं पुन्हा करावं लागेल, आणि माझी पीएचडी माशांवर, मला खेकडा नीट धरताही येत नाही.

गाईडनी स्मशानाबाहेर विचारलं, पुढे तू करशील का?




मनीषा, मला काही सुचत नाहीये गं.
नीट जा.