डिकॉक्शनमधलं हाड

माझा नवरा सुऱ्यांना मुठी बसवायचा. नोकरी ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात, पण जीव बाल्कनीतल्या त्या टेबलात. मुठीसाठी शिंग घासलं की केस जळल्यासारखा वास सुटतो. तो गेल्यावर मी पडदे पुन्हा पुन्हा धुतले, तरी दमट दिवसांत तो वास घरभर हिंडतो. मला त्याची भीती वाटते, आणि आला नाही तर जास्तच वाटते.

हाडाच्या मुठीचं काम चिकाटीचं. साबणाच्या पाण्यात उकळून चरबी पार काढायची, कानशीने बारीक रेघा पाडायच्या आणि मग रंगात बुडवायचं. रंग म्हणजे फिल्टर कॉफीचं घट्ट डिकॉक्शन, दूध न घातलेला काढा. चांगली कॉफी वाया घालवतो म्हणून सासूबाई कुरकुरायच्या. त्या तंजावरकडच्या, सोवळ्याच्या. हाड बाल्कनीतून आत आणायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्याचा कायदा वेगळा: साफ केलेल्या हाडाला कुणी नुसतं बोट लावायचं नाही. तेलकट बोट लागलं की तिथे रंग धरत नाही. यावरून मी किती बोलणी खाल्लीत.

त्या सकाळी कंपनीची बस चुकत होती. सासूबाईंनी त्याला उभ्या उभ्या इडली खायला लावली, पोडीची कोरडी चटणी आणि वर सढळ हाताने तिळाचं तेल. त्याने हात पँटलाच पुसला, हाड डिकॉक्शनच्या बरणीत सोडलं आणि पळाला. दुपारी कारखान्यातून फोन आला. हृदय बंद पडलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर मी बाल्कनीत ती बरणी उघडली. वर बुरशी धरलेली. तुकडा धुतला तर गडद तपकिरी, आणि मधोमध एक फिकट अंगठा. एवढा काटेकोर माणूस! मला हसू आलं, आणि मग मी तिथेच फरशीवर बसून रडले.

सासूबाई दाराशी आल्या. "काय ग ते?"

"त्याचा अंगठा. इडलीचं तेल लागलेला."

त्यांनी बाल्कनीचं दार सताड उघडलं. मग लेकराला म्हणावं तसं मला म्हणाल्या, "आत आण, कण्णा."

तेव्हापासून तुकडा त्यांच्या उशाशी असतो. पडल्या पडल्या त्यावरून हात फिरवत राहतात. हाताळून हाताळून रंग उडतो, हे मला ठाऊक होतं. ठेवून द्या, असं म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं. मलाही तो अंगठा हवा होता, स्वार्थाने हवा होता. पण त्यांच्या हातातून काढून घेववेना.

परवा पाहिलं तर हाड सगळीकडे सारखंच फिकट झालेलं. सासूबाईंची नजर आता अधू आहे.

"अंगठा दिसतो न ग अजून?" त्यांनी विचारलं.

दिसतो, मी म्हटलं आणि तुकडा त्यांच्या हातात परत दिला.