जेवणाच्या वेळेला बघितलेल्या कंपन्या

माझी पोरगी सुमन मागं लागली म्हणून लिहितोय. नाहीतर चौथी शिकलेल्याला लिहायची कसली हौस? तोंडानं सांगितलं की हसता आणि वर म्हणता, "तात्या, परत सांगा!" मी काय रेडिओ हाय? असले किस्से कानातल्या मळासारखे साठतात. काढल्याशिवाय कळत नाही किती होते ते!

नव्वद-पंच्याण्णवचा काळ. नगरच्या एका नोटरी वकीलसाहेबांकडं मी नवीनच लागलो होतो. कंपन्यांचे करार घेऊन गावोगाव फिरायचं आणि माणसं गोळा करून साहेबांपुढं सह्यांना बसवायची. लोक कागद बघत नव्हते, माझं तोंड बघून अंगठा द्यायचे. कंपनी पळाली तर साहेब नगरात, मी माझ्या गावात, सोनईत! तोंड कुठं दाखवायचं?

साहेब म्हणाले, "तात्या, कंपनी आधी तुम्हीच बघून या."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"पोरीला स्थळ बघता ना? तसंच बघा."

झालं! न सांगता, जेवणाच्या वेळेला जायचं, पाणी मागायचं, मागचं दार बघायचं, शेजाऱ्याला विचारायचं.

बायको हिराबाई मात्र रोज टोचायची, "दुनियेच्या कंपन्या बघताय, पोरगी बाविशीची झाली! तुमच्या हातून स्थळ व्हायचं न्हाई."

*

पहिली कंपनी सागवानवाली. मॅनेजरच्या गळ्यात टाय. "काका, रोप लावा, वीस वर्षांनी लखपती!"

मी म्हणालो, "झाड दाखवा." त्यानं फोटो दाखवला. "फोटोतलं नको, उभं पाहिजे."

गाडीत घालून मिरजगावच्या रस्त्याला नेलं आणि एका झाडाखाली थांबला. "हे आपलंच!"

झाड माझ्या बापाच्या वयाचं. वर लिंबोळ्या लटकलेल्या. मी म्हणालो, "अहो, ह्यो लिंब हाय!"

"काका, सागवान लहानपणी असंच दिसतं!"

*

दुसऱ्या ऑफिसात टेबलं नवी, साहेब पाच. मी पाणी मागितलं, तर माठ कुठंय हे पाचातल्या एकालाही ठाऊक नाही! मधल्या साहेबाचा चेहरा ओळखीचा वाटला.

"तुमी माझ्या पुतण्याच्या लग्नात सनई वाजवली ना?"

तो हळूच म्हणाला, "व्हय. आज मॅनेजरची सुपारी हाय. उद्या येऊ नका, उद्या लग्न हाय!"

*

ट्रॅक्टरला कर्ज देणारी एक कंपनी होती. कागद चोख, माणसं चोख. पण साहेब डबा उघडून समोर जेवला आणि मला "या जेवायला" सुद्धा म्हणाला नाही. मी नापास केली.

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "फाईलीत कारण काय लिहू?"

"लिवा, एकटा जेवतो!"

पुढं ती कंपनी लई मोठी झाली म्हणतात. होऊ द्या. एकटीच झाली असंल!

*

आता शेवटची. देवळाली प्रवरेला ठिबकचे पाइप विकणारी कंपनी. ऑफिस मालकाच्या घरातच. भर दुपारी गेलो, पाणी मागितलं, गोठा बघितला, शेजारणीला विचारलं, "घर कसंय? कुणी पितं का?"

परत येतो तर समोर पोहे! मालकाचा पोरगा तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, खाली मान घालून बसलेला.

मालकीणबाई म्हणाल्या, "मुलगी किती शिकली?"

खोटं कशाला बोलू? "बारावी."

"रंगानं?"

"माझ्यावर न्हाई गेली."

"मग चालंल!"

मी मालकाकडं वळलो. "पाइप फुटला तर काय?"

"फुटल्यावर बघू!"

तशी पोराची मान वर आली. "आप्पा, फुटला तर बदलून द्यायलाच पाहिजे."

मी पोहे संपवले. दुसरी बशी मागून खाल्ली.

नगरला वकीलसाहेब दारातच उभे. "काय तात्या, कशी वाटली?"

"कंपनी नापास. पोरगा पास!"

लग्नात मांडवभर एक बाई सांगत फिरत होती, "हे तर पाइप बघाय गेल्ते! स्थळ माझ्या नवसानं आलं!" सुमनला दोन लेकरं झाली, जावई आजही पाइप बदलून देतो. 'तुमच्या हातून व्हायचं न्हाई' म्हणणारीनं माझी माफी मागायची तेवढी राहिली हाय. हिराबाईनं!