कोमट थेंबातला जीव

एका बाईंच्या स्रावाचा थेंब घेतलेली तपासायची काच टेबलावर ठेवून मी चहाला गेलो. परत येऊन सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर काहीच हलेना. "उष्णता आहे, सब्जा प्या," असं त्या बाईंना ठणकावून सांगितलं आणि वर स्वतःवरच खूष झालो.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलेलं, पनवेलातला माझा दवाखानाही तसाच कोरा. बाई मिठागरावर काम करणाऱ्या. तक्रार अंगावरून जाण्याची, जळजळीची, खाजेची. महिन्याभरानं परत आल्या तेव्हा बाहेर बाकावर नवरा होता.

"सब्जानं पोट थंड झालं, बाकी हाय तसंच हाय. सासू बोलते, आता गुण नाय आला तं म्हायेरी जा."

मधल्या काळात मी पुस्तक उघडलं होतं. असा त्रास देणारा एक सूक्ष्म जीव असतो, तो थंडावला, वाळला की निपचित पडतो आणि इतर पेशींत ओळखूच येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं! या वेळी नर्सबाईंनी पडद्याआड तपासून कोमट मिठाच्या पाण्यात थेंब कालवला, आणि मी काच घेऊन तसाच खिडकीशी धावलो. ऊन सूक्ष्मदर्शकाच्या आरशात पकडलं, डोळा लावला, आणि तो समोर होता.

नासपतीच्या आकाराचा, एकाच पेशीचा जीव. पुढे चाबकासारखे तंतू, कडेला थरथरणारी झालर. झटके देत, गिरक्या घेत, वाटेतल्या पेशींना ढकलत चाललेला. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि लगबग मात्र वधूपित्याची!

"तुमच्या यजमानांनाही बोलवू?" मी बाईंना विचारलं.

"बोलवा. बगू दे त्यांनाच."

नवऱ्याला मी सांगितलं, "हा संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कुणाकडून आला, कधी आला, ते काचेवरून कळत नाही. गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या. बरं होईपर्यंत जवळ यायचं नाही, दारूही नाही."

"मला कशाला? मी ठणठणीत हाय."

"पुरुषाला बहुधा काही जाणवतच नाही. यांना एकटीला बरं केलं, तर तुमच्याकडून परत येईल."

त्यानं डोळा लावला. "आयेला मी सांगतो," मान वर करत म्हणाला, "ही कुटं जानार नाय."

इथं मी निमूट गोळ्या काढायच्या. पण मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला चिकटलो. "काय चाल आहे! काय डौल! बघतच राहावं!"

बाईंनी पदर सावरला. "येवढा आवडला तं तुमी घरी न्या, डागतर. आमाला गोल्या द्या."