देव्हाऱ्याचा पडदा

माझे वडील, अप्पा, गेले आणि आमच्या धारवाडच्या घरात जिकडेतिकडे देव दिसू लागला. देव्हाऱ्यात नव्हे, तिथे पडदा ओढलेला होता. दहा दिवस सूतक, घरच्यांनी देवांना शिवायचं नाही. पूजा परक्या माणसाने करायची, तर भटजी लग्नसराईत अडकलेले. बाकी घरभर मात्र देवाचा नुसता सुळसुळाट होता.

अळणावरच्या आत्याला तो फुलपाखरात दिसला. "अण्णाच आला बघ, देवानंच पाठवलं त्याला," म्हणत तिने भावासाठी डोळे पुसले. फुलपाखरू दुधाच्या पातेल्यात पडलं, तेव्हा तिने विषय बदलला. वकील काकांनी पाल चुकचुकल्याची वेळ टिपून ठेवली, कोर्टात सादर करायची असावी. चुलतभावाने कोप्पीकर रोडवरून अप्पांचा फोटो फ्रेम करून आणला. काचेत आमची ट्यूबलाइट चमकली आणि 'अप्पांचं तेज' म्हणून ते चित्र फॅमिली ग्रुपवर गेलं. मी ट्यूबलाइट बंद केली, तर मलाच नास्तिक ठरवलं.

या सगळ्या गर्दीत आई भिंतीला टेकून बसलेली. ती रडली नव्हती. चहापलीकडे पोटात काही नाही. "तिला रडवा, नाहीतर आजारी पडेल," असं जो तो माझ्या कानाशी येऊन सांगे, जसा काही नळ माझ्याच हातात होता. पण मी खरंच घाबरून गेलो होतो. अप्पांच्या मागोमाग हीही जाणार, असं वाटायचं. दिवेलागणीला ती त्या पडद्याकडे बघत राहायची. लग्न होऊन आल्यापासून रोज तिथे तिनेच दिवा लावला होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या अक्का भाकऱ्या घेऊन आल्या. "देवाला अंधारात का ठेवलंय हो?" त्यांनी विचारलं. आत्याने त्यांना सूतक समजावून सांगितलं. अक्का लिंगायत. "नमगे सूतक इल्लरी," त्या म्हणाल्या. आम्हाला नसतंच ते. काकांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि बाजूला सरकून वाट करून दिली. परकं माणूस हवं होतं, ते समोरच उभं होतं. अक्कांनी हातपाय धुतले, पडदा सारला आणि वात लावली.

आई उठली आणि देव्हाऱ्यापासून चार हात लांब जाऊन बसली.

"रोज काय मागत होते रे तुझ्याजवळ?" ती देवाला म्हणाली. "मला आधी ने, एवढंच ना? दुसरं काही मागितलं का कधी? तेवढंही ऐकलं नाहीस?"

तिचा आवाज चढत गेला. आत्या तिला गप्प करायला निघाली, तर अक्कांनी हात धरून थांबवलं. आईने त्याला अगदी पोरासारखं फैलावर घेतलं आणि मग ती हमसून हमसून रडली. मीही रडलो.

मला काही दिसलं नाही, खोटं कशाला सांगू? पण रिकाम्या जागेशी भांडणारी बाई माझी आई नव्हे.