रुंद टायर आणि खडू

पर्वत पाटिया नाक्यावर एक टायरवाला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तो माणसाकडे बघायचाच नाही, चाकाकडे बघायचा.

मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या शेठचा ड्रायव्हर. शेठनी जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि तिला सगळ्यात रुंद टायर हवेत म्हणून हटून बसले. टायरवाल्यानं वाद घातला नाही. पुढे एक रुंद चाक बसवलं, कडेला खडू फासला आणि मला स्टेअरिंग टोकापर्यंत वळवायला लावलं. मग मडगार्डच्या आतून बोटं फिरवली. बोटं पांढरी झाली.

"घासतंय, शेठ."

"दिसतं तर मस्त. बसव."

तेव्हा त्यानं मान वर केली आणि आम्हा दोघांच्या गावाकडच्या अहिराणीत थेट मलाच विचारलं, "गाडी तुना हातमा शे, भाऊ. तुले काय वाटस?"

शेठसमोर मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "लहान माप टाक."

शेठनी त्याची पांढरी बोटं बघितली. मग म्हणाले, "टाक."

तेव्हापासून गाडीचं काहीही असो, शेठ आधी मला विचारत. एकदा मुद्दाम टायरवाल्याचे आभार मानायला गेलो. तो चाकाकडे बघत म्हणाला, "हवा कमी शे."